मोठं आतडं आणि मालवाहू विमान

"आतड्याला निळा रंग कशाला लागतो?" अप्पांनी सकाळच्या चहाला विचारलं.

सुनेच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला. तिच्या नखांच्या कडांना निळा रंग लागलेला होता आणि तो काही केल्या निघत नव्हता.

"शिरा असतात ना अप्पा. निळ्या."

"एवढ्या?" अप्पा तिच्या कोपराकडे बघत म्हणाले. कोपरही निळं होतं.

"मोठं आतडं आहे," ती म्हणाली आणि उठून भांडी आवरायला लागली. खोटं बोलल्यावर माणसानं फार वेळ एका जागी बसू नये, एवढं तिला कळत होतं.

सून वैद्यकीय पुस्तकांसाठी चित्रं काढायची. यकृत, मूत्रपिंड, गुडघ्याची वाटी, कानाचा आतला भाग. तिनं काढलेल्या हृदयावर हजारो विद्यार्थी परीक्षा पास झाले होते. पण सध्या मागच्या खोलीत कडी लावून ती जे काढत होती, ते आतडं नव्हतं. ते विमान होतं. अप्पांचा पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला होता. तरुणपणी अप्पा हवाई दलात होते. डोंगरापलीकडच्या ठाण्यांवर पीठ, तेल आणि औषधं टाकणाऱ्या दोन इंजिनांच्या मालवाहू विमानात बसून वैमानिकाला वाट सांगायची, हे त्यांचं काम. तेव्हा त्या विमानाचं मोठं तैलचित्र काढून त्यांना द्यावं, अशी कल्पना नणंदेनं काढली. "घरात चित्रकार असताना विकतची भेट कशाला?" असं ती फोनवर म्हणाली आणि तिच्या बाजूनं काम संपलं.

चित्र गुपित ठेवायचं होतं. म्हणून वैद्यकीय कॉलेजच्या भिंतीसाठी मोठ्या आतड्याचं चित्र करायचंय, अशी थाप ठरली. अप्पांनी ती मानली. महिन्याभरापूर्वी ते स्वतःच पोटाच्या तपासण्या करून आले होते. "काही नाही, जेवण वेळेवर घ्या," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण 'काही नाही' हे उत्तर अप्पांना आयुष्यात कधी पटलं नव्हतं. वाट दाखवणाऱ्याच्या धंद्यात 'काही नाही' याचा अर्थ अजून दिसलेलं नाही, एवढाच.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोटाळा सुरू झाला तो दोन रसिकांमुळे.

पहिला रसिक सुनेचा नवरा. तो सरकारी खात्यात दुकानदारांचे वजनकाटे तपासायचा. अप्पांमुळे त्याला लहानपणापासून लढाऊ विमानांच्या चित्रांचं वेड लागलेलं. त्याचा आवडता चित्रकार पूर्वी विमानतळावरचा मेकॅनिक होता आणि विमानाचा पत्रा जोडणारा प्रत्येक रिव्हेट मोजून काढायचा. "त्याचं चित्र समोर ठेवून विमान दुरुस्त करता येतं," असं नवरा अभिमानानं सांगायचा. विमान दुरुस्त करायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

दुसरे रसिक घरचे जावई, म्हणजे नणंदेचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून हा माणूस दिवसभर राबायचा, पण चित्रात मात्र त्यांना धुकं लागायचं. त्यांची लाडकी चित्रकार एक म्हातारी होती. तिच्या चित्रात सगळीकडे आभाळ, ढग, मावळतीचा उजेड, आणि त्यात कुठंतरी मोहरीएवढं लढाऊ विमान. "ती विमान काढत नाही, विमानाचं एकटेपण काढते," असं जावई म्हणायचे.

"त्या बाईकडून आभाळ विकत घेतलं की विमान फुकट मिळतं," असं नवरा म्हणायचा.

"तुझ्या माणसाचं विमान उडत नसतं रे. खुंटीला टांगलेलं असतं," असं जावई म्हणायचे.

हा वाद लग्नापासूनचा होता. दोघांनाही खात्री होती की अप्पा आपल्या बाजूचे आहेत, कारण अप्पांनी दोघांनाही वेळोवेळी "छान आहे" म्हटलेलं होतं.

पहिला आठवडा नवऱ्याचा गेला. तो ऑफिसातून आला की हातपाय धुवून थेट मागच्या खोलीत यायचा आणि भिंग लावून कॅनव्हासवर वाकायचा. "इथे रिव्हेटची ओळ वाकलीय." "शेपटीवरचा आकडा अर्ध्या बोटानं खाली हवा." सून ओळ सरळ करायची आणि आकडा खाली घ्यायची. तिचा हात अवयवांना सरावलेला होता. त्यामुळे विमानाचं पोट काढता काढता नकळत जठरासारखं भरत चाललं होतं. ते तिलाही दिसत होतं. पण रिव्हेट इतके झाले होते, की पोट आत घ्यायचं तर सगळे पुन्हा काढावे लागले असते.

मग रविवारी जावई आले. नणंद सासूबाईंबरोबर बाजारात गेली आणि जावई 'सहज' मागच्या खोलीत डोकावले. त्यांनी चित्र आधी जवळून, मग लांबून पाहिलं. शेवटी म्हणाले, "वहिनी, हे फार शूर चित्र आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काही लपवलेलंच नाही तुम्ही. जरा लपवा. डोंगर, थंडी, पहाट. एखादा ढग जाऊ द्या अंगावरून. आणि फिरत्या पंख्याची पाती कधी मोजता येतात का? नुसती झाक दिसते."

बोलणं खोटं नव्हतं. तिनं डाव्या पंख्याची पाती पुसून तिथं गोल झाक केली. उजवीकडे हात घालणार, तेवढ्यात बाजारातली माणसं परत आली आणि काम तिथंच थांबलं.

संध्याकाळी नवऱ्यानं चित्र पाहिलं आणि तो खुर्चीत बसला.

"हे काय झालंय?"

"काय झालंय?"

"डावा पंखा फिरतोय आणि उजवा थांबलाय. उजवं इंजिन बंद पडलंय. दोन मिनिटांत हे विमान डोंगरावर आपटणार. अप्पांना वाढदिवसाला हे द्यायचं?"

तिनं जावयांना फोन लावला. ते म्हणाले, "म्हणून तर पोटात कालवतं बघा. उजवा थांबलेलाच राहू द्या."

नवऱ्यानं तिच्या हातातून फोन घेतला. मग जे बोलणं झालं त्यात विमान थोडं आणि जुनी उणीदुणी फार होती. नणंदेच्या लग्नात वाजंत्री कुणी ठरवली, इथपर्यंत ते गेलं. दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला. "यांचा अपमान होत असेल तर आम्ही वाढदिवसाला जेवायला येणार नाही. अप्पांना काय सांगायचं ते तुम्हीच बघा." सासूबाईंना मध्ये पडायला सांगितलं, तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "विमानातलं मला काही कळत नाही. पण दोन्ही इंजिनं चालू ठेवा म्हणावं. यांना भूक लागली की हे सगळं माझ्यावरच येतं."

बिचारी सून मधल्या मध्ये भरडली जात होती. तिनं जावयांसाठी डाव्या इंजिनावर ढग आणला. नवऱ्यासाठी ढगातून पुन्हा निम्मं इंजिन वर काढलं. एका बाजूला मेकॅनिक खूश होईल असं विमान आणि दुसऱ्या बाजूला म्हातारी खूश होईल असं धुकं. रंगावर रंगाचे थर चढले. कॅनव्हास इतका जड झाला, की भिंतीला टेकवल्यावर तो थकून उभा राहिल्यासारखा दिसायचा.

शेवटी तिनं दोघांनाही एकाच वेळी बोलावलं. "काय ते समोरासमोर ठरवा. मी एकाचंच ऐकणार." नणंदेनं समजूत घातली म्हणून जावई आले. अप्पा फिरायला गेले होते, म्हणजे सगळ्यांना तसं वाटत होतं. दार लावून तिघं चित्रासमोर उभी राहिली.

"पोट फार फुगलंय," नवरा म्हणाला. "हे आता लपणार नाही."

"पोटाचं जाऊ दे. डावीकडचं सगळं काढून टाकावं लागेल," जावई म्हणाले. "तिथं वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही."

"आता काढलं तर वाढदिवसापर्यंत सुकायचं नाही," सून म्हणाली.

"मग नंतर काढू. पण अप्पांना आत्ता काही कळता कामा नये," नवरा म्हणाला. "वाढदिवस हसतखेळत पार पडू दे. पुढचं पुढे."

या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. सुनेनं दार उघडलं तर समोर अप्पा उभे. पायात चपला, हातात छत्री.

"छत्री विसरलो होतो," ते म्हणाले. "सापडली." आणि पाठ ताठ ठेवून निघून गेले. बाहेर लख्ख ऊन होतं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा फार गोड वागायला लागले. एरवी वर्तमानपत्राची घडी मोडली तरी त्यांना चालायचं नाही. आता सुनेनं त्याच्यावर ब्रश पुसले तरी काही बोलले नाहीत. सासूबाईंना त्यांनी स्टुलावर उभं करून फ्यूज बदलायला शिकवलं.

"उतारवयात यांना काय सुचेल सांगता येत नाही," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "पाण्याची टाकी साफ करायची म्हणे मला. मी म्हटलं, तुम्ही आहात ना? तर नुसते बघत राहिले माझ्याकडे."

नवऱ्याला त्यांनी आपलं नोकरीतलं मनगटी घड्याळ दिलं. जावयांच्या दुकानात जाऊन आपली दुर्बीण देऊन आले. दोघांनीही सुनेला हे वेगवेगळं सांगितलं.

"अप्पांना चित्राचा सुगावा लागलाय," नवरा म्हणाला. "मला घड्याळ दिलं. घड्याळ म्हणजे अचूकपणा. त्यांना काय सुचवायचंय ते कळलं ना?"

"वहिनी, दुर्बीण दिली मला," जावई फोनवर म्हणाले. "दूरचं बघणाऱ्या माणसाला. मी जास्त बोलत नाही."

त्यामुळे दोघं आणखीच हट्टाला पेटले.

वाढदिवसाला चार दिवस उरले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. अप्पा मागच्या खोलीच्या दाराशी आले आणि त्यांनी कडी वाजवली. सून पदरानं हात पुसत बाहेर आली.

"ते माझंच आहे ना?" अप्पांनी विचारलं.

इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात गेली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? घरातच राहतो मी. कान आहेत मला." त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "तू फार कष्ट घेतेस त्याच्यासाठी. डोळे बघ कसे झालेत तुझे."

"तुम्ही रागावला नाहीत ना अप्पा?"

"राग कसला? तुम्ही माझ्या भल्यासाठीच लपवलंत. मला फक्त एकच विचारायचंय. डावीकडचं सगळं काढल्यावर किती दिवस चालतं?"

"चालतं म्हणजे? आम्ही ते काढणारच नाही आता. ढगात झाकून टाकू."

अप्पांनी मान हलवली. "झाकून काय होणार? एकदा पोट फुगलं की..."

"पोट मी आत घेईन हो. दोन दिवसांचं काम आहे. खरा घोळ उजव्या इंजिनाचा आहे."

"इंजिनाचा?"

"पंखा थांबलाय ना त्याचा."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. ती अप्पांकडे बघत राहिली. मग हळूहळू तिला तो दिवस आठवला, छत्री आठवली, आणि तिघांनी त्या खोलीत काय काय म्हटलं होतं ते एकेक वाक्य आठवलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं अप्पांचा हात धरला, त्यांना आत नेलं आणि चित्रावरचं फडकं ओढलं.

अप्पांनी पंखे पाहिले, फुगलेलं पोट पाहिलं. मग तिथल्या रंगांच्या खोक्यावर बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. ते रडताहेत असं वाटून सून घाबरली, पण अप्पा हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"मी माझी चांगली दुर्बीण देऊन बसलो की गं त्याला," ते म्हणाले.

"मागते मी परत."

"नको. दिलं ते दिलं." त्यांनी डोळे पुसले आणि चित्राकडे पाहिलं. "छान आहे."

पण सून त्या घरात बारा वर्षं राहत होती. अप्पांचं 'छान आहे' तिनं जळलेल्या भाजीलाही ऐकलं होतं.

"अप्पा, खरं सांगा. रिव्हेट आवडतात की ढग?"

"दोन्ही चांगलेच आहेत. मेहनत दिसतेय."

"मला खरं सांगा."

अप्पा जरा घुटमळले. "असं आहे, की हे बाहेरून काढलंय. आमचं विमान उडायचं तेव्हा मी आत असायचो. ते उडताना कसं दिसतं, ते मी कधी बघितलंच नाही. हे दुसऱ्या कुणाला दिसलं असेल."

"मग तुम्हाला काय दिसायचं?"

"मला?" हा प्रश्न त्यांना पंचाहत्तर वर्षांत कुणी विचारला नसावा, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. "माझ्यासमोर पत्रा. भिंतीला जोडलेलं टेबल, घडी होणारं. त्यावर नकाशा. एक छोटा दिवा, त्याचा उजेड नकाशाच्या बाहेर जायचा नाही. पेन्सिल दोरीनं बांधलेली, नाहीतर घरंगळून जायची. आणि समोर वायरलेसवाल्याची मान. त्याच्या मानेवर तीळ होता, डाव्या बाजूला. लढाईचे सगळे दिवस मी तो तीळ बघत काढले."

"तीळ केवढा होता?" सुनेनं विचारलं. तिनं पेन्सिल कधी उचलली ते तिलाच कळलं नाही.

तो कॅनव्हास तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवला. नवीन चित्र तिनं कागदावर, तिच्या रोजच्या जलरंगात केलं. मान तिला पाठच होती. मानेचे स्नायू, मणके, कानामागचा उंचवटा, हे सगळं तिनं किती पुस्तकांत काढलं होतं. अप्पा रोज दुपारी खोक्यावर बसून सांगायचे. दिवा जरा डावीकडे. हातमोजा फाटका होता. टेबलाच्या कोपऱ्याला पट्टी चिकटवलेली होती, मीच चिकटवली होती. नवऱ्याला तिनं 'आता वाढदिवसालाच बघ' म्हणून आत येऊ दिलं नाही. घरात कुणी विचारलं, तर दोघं एका सुरात सांगायची की आतड्याचं काम चाललंय.

वाढदिवसाला सगळे जमले. अप्पांनी स्वतः फोन केल्यामुळे नणंद आणि जावईही आले. नवरा आणि जावई एकाच कोचाच्या दोन टोकांना बसले. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा होती, पण तिथं कुणी बसलं नाही. केक कापून झाला. सुनेनं भिंतीवरच्या चौकटीचं फडकं काढलं. अप्पांनी कबूल केल्याप्रमाणे आश्चर्याचा आव आणला. तो इतका वाईट होता, की कुणाचंही लक्ष तिकडे गेलं नाही ते बरंच झालं.

नवरा उठला. जावईही उठले. दोघं चित्रासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"विमान कुठंय?" नवऱ्यानं विचारलं.

"ढगसुद्धा नाही," जावई म्हणाले.

"आपण आत आहोत," अप्पा म्हणाले. "विमान आपल्या भोवती आहे. बाहेर ढग होते की नव्हते ते मला माहीत नाही. मी वाट सांगत होतो."

मग नवरा वाकून, भिंग न लावता, नुसत्या डोळ्यांनी ती दोरी बांधलेली पेन्सिल बघायला लागला. जावई दिव्याच्या उजेडाकडे बघत उभे राहिले. "एवढाच उजेड," ते पुटपुटले. "बस, एवढाच." नवरा बाजूला सरकला आणि त्यानं जावयांना नीट बघायला जागा करून दिली.

सासूबाई सगळ्यात शेवटी आल्या. चष्मा लावून त्यांनी चित्र एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"खिडकी कुठंय यात?"

"खिडकी नव्हती," अप्पा म्हणाले.

"नव्हती म्हणजे?"

"माझ्या जागेला नव्हती. पुढं वैमानिकाला होती."

सासूबाईंनी चष्मा काढला. "तुमचं विमान भल्या सकाळी निघालं की आपल्या क्वार्टर्सवरून वळायचं. आवाज आला, की मी हातातलं काम टाकून गच्चीवर जायची आणि हात हलवायची. थंडी असो, काही असो. मग मी कुणाला हात करत होते इतकी वर्षं?"

अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ती तू होतीस?"

"मग कोण असणार?"

"अगं, वैमानिक रोज कानातल्या यंत्रातून सांगायचा. गच्चीवर कुणाची तरी बायको हात हलवतेय, म्हणायचा. आम्ही सगळे म्हणायचो, नशीबवान आहे कुणीतरी." ते जरा थांबले. "मला वाटायचं, तू त्या वेळी झोपलेली असशील."

सासूबाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि चित्राकडे पाहिलं. सुनेला वाटलं, आता या रडणार तरी किंवा भडकणार तरी. पण त्या तिच्याकडे वळल्या आणि भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "यात एक खिडकी काढ."

"अगं, पण तिथं खिडकी नव्हती," अप्पा म्हणाले.

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. अर्ध्या बोटानं चुकलेला आकडा ज्याला चालत नव्हता, एका पंख्यावरून जो सख्ख्या मेहुण्याशी भांडला होता, त्याच्याकडे. त्यानं घसा खाकरला. एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"काढ गं," तो बायकोला म्हणाला. "कोपऱ्यात एक बारीकशी काढ. चालतं तेवढं."

"बारीकशी नको," सासूबाई म्हणाल्या. "त्यातून गच्ची दिसली पाहिजे."